जबाबदारी कोणाची? गिरणीमालकापासून कंपनीपर्यंत



हल्ली वस्तीत कुठे पाण्याचा कूलर बसला, बालवाडीला रंग लागला, की वर एखाद्या कंपनीची पाटी असते. मागच्या वर्षी आपल्या अभ्यासिकेत पुस्तकांची दोन कपाटे अशीच आली. पाटीवर लिहिलेले होते, ‘सामाजिक दायित्व निधीतून’. तेव्हा बारावीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, काका, कंपनी आपल्याला फुकट का देते? दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. आम्ही प्राध्यापक नाही. गिरणीत बदली म्हणून लागलो, रात्रपाळी करून दिवसा वाचनालयात बसलो, तेवढेच आमचे शिक्षण. पण गिरणीचा इतिहास आम्हाला घरातूनच मिळाला आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढची पंचवीस वर्षे कामाच्या तासांना कायदाच नव्हता. उजाडले की गिरणी सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. १८७५ साली सरकारने चौकशीला आयोग नेमला, तर आयोगातल्या बहुमताने सांगितले की कायद्याची गरज नाही. शेवटी १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात काय होते? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. आज ज्या वयाचे पोर दुसरीत असते त्याला नऊ तास राबवणे कायदेशीर होते! मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक ओळही नव्हती. आणि हाही कायदा दयेपोटी आला असे समजू नका. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखी भली माणसे त्यासाठी झटत होती हे खरे, पण लँकेशायरच्या मालकांच्या डोळ्यांत मुंबईचे स्वस्त सूत खुपत होते, त्यांचाही विलायतेत रेटा होता.

कामगारांच्या बाजूने पहिला आवाज उठवला तो महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातल्या माणसाने. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८० पासून ते मुंबईत ‘दीनबंधु’ चालवू लागले. १८८४ साली परळला सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी दिले. मागण्या बघा: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी. यात एक तरी मागणी अवाजवी आहे काय? तरी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन बायका उभ्या राहून बोलल्या, आणि जूनमध्ये गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी सकाळी पोरांना घेऊन वंदनेला येतो ना, तो रविवार असा आला आहे.

सगळे मालक सारखे नव्हते हेही लिहिले पाहिजे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ साली पेन्शन फंड आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू केली. कायद्याने अशी भरपाई देशात १९२३ साली आली. म्हणजे मनात असले तर करता येत होते. पण एका मालकाच्या मनात आले म्हणून शेजारच्या गिरणीतल्या कामगाराचे पोट भरत नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. आमचे आजोबा एका गिरणीत रिंग खात्यात होते. विणाई खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवून सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे. त्या धोट्याला महाराचे तोंड लागले तर बाकीच्यांचा बाट व्हायचा. घाम चालत होता, तोंड चालत नव्हते. आजोबा सांगायचे, विणाई खात्याच्या दारापर्यंत आम्ही सूत पोचवत असू, उंबऱ्याच्या आत कधी पाय टाकला नाही.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, दीडेक लाख कामगार सहा महिने बाहेर होते. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले, तुमच्या मागण्यांच्या यादीत विणाई खात्यातला हा अन्याय का नाही? घालत नसाल तर आम्ही आमच्या माणसांना संपात राहू नका म्हणून सांगू. तेव्हा कुठे नाइलाजाने ती मागणी यादीत आली. फॉसेट कमिटीपुढे ती निघाली तेव्हा मालकांनी सांगितले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. त्यांचे म्हणणे एका अर्थी बरोबरच होते, कारण धोट्याला तोंड लावू नको म्हणणारे कामगारच होते. पण खाते कोणाचे? भरती कोणाच्या नावावर? त्या मज्जावामुळे आमचा माणूस कमी पगारात राबला, तो नफा कोणाच्या वहीत जमा झाला? या प्रश्नांना कमिटीत उत्तर मिळाले नाही. आमच्या मते धंद्याच्या समाजाशी असलेल्या नात्याचा सगळा इतिहास या एका उत्तरात आहे. मालक म्हणतो कामगार जबाबदार, कामगार म्हणतो रूढी जबाबदार.

त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना मुद्दा असा मांडला की आईला विश्रांती मिळण्यात देशाचे हित आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाही. १९२९ साली तो कायदा झाला. इथे दानाची भाषा नाही, हिशेबाची भाषा आहे. ज्याने फायदा घेतला त्याच्या अंगावर देणे.

आपल्या सभांत वक्ते सांगतात की बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले. भावना खरी आहे, पण मधल्या पायऱ्या गाळू नयेत. १९११ साली पुरुषांना बारा तास, १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे मंत्री होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला. प्रत्येक पायरीवर कोणीतरी उपाशी राहून संप केलेला आहे, तोही मोजला गेला पाहिजे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: नोकराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात बघावे, गोडधोड वाटून खावे, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. आजारपणाचे कलम आपल्याकडे ईएसआयच्या रूपाने १९४८ साली कायद्यात आले. किती शतके लागली बघा!

पुढचे आम्ही डोळ्यांनी पाहिले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसे बाहेर पडली, आमचे वडील त्यातलेच. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या आणि सहाशे एकरांच्या आसपास जमीन उरली. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली, वाटे फक्त मुळातल्या रिकाम्या जमिनीचे करायचे ठरले, बांधकामाखालची जमीन वगळली. लोकांचा वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. कामगारांच्या घरांच्या सोडतीत आमच्या वडिलांचा अर्ज होता, नंबर लागला नाही. ते वारले तेव्हा अर्जाची पावती पाकिटात होती.

दरम्यान १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायू सुटला आणि एका रात्रीत हजारो माणसे गेली. तडजोड झाली ती १९८९ साली, ४७ कोटी डॉलरवर. १९८६ साली दिल्लीतल्या एका कारखान्याच्या वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धोकादायक धंदा करणाऱ्याला ‘आमची चूक नव्हती’ म्हणून सुटता येणार नाही. फॉसेट कमिटीपुढच्या उत्तराला मिळालेले हे खरे प्रत्युत्तर, पण अठ्ठावन्न वर्षांनी.

आता त्या मुलाचा प्रश्न. २०१३ च्या कंपनी कायद्याने, १ एप्रिल २०१४ पासून, मोठ्या कंपन्यांनी (नफा पाच कोटी किंवा जास्त, उलाढाल हजार कोटी, अथवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजासाठी खर्चावेत असे ठरले. तेव्हा कपाटे फुकट आलेली नाहीत बाळा, कायद्याने आली आहेत. पाटी मात्र कंपनीची. फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च या दोन टक्क्यांत धरत नाहीत. ते योग्यच आहे, कारण कामगाराचे देणे हा काही परोपकार नव्हे. पण ते देणे कोण तपासतो?

आपल्याच चाळीतला एक मुलगा एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत ठेकेदाराकडून साफसफाईला आहे. पगारातून पीएफ कापतात म्हणाला, नंबर विचारला तर माहीत नाही. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो कंपनीने पैसे दिले नाहीत. ठेकेदाराने बुडवले तर देणे मूळ मालकाच्या अंगावर येते, हे कायद्यात आहे. त्याला आम्ही पासबुकाच्या झेरॉक्स आणि गेटपास घेऊन यायला सांगितले आहे. सोमवारी पीएफ कचेरीत जायचे आहे. आणखी कोणाचे असे अडले असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे, कागद बरोबर आणावेत.