काळ्या दाण्याचा वंश

युरोपातल्या थंड मुलखात राय नावाचं धान्य पिकतं. ज्या वर्षी पाऊस आणि गारठा जास्त, त्या वर्षी कणसात मधूनच एखादा दाणा काळाजांभळा होऊन कोंबड्याच्या पायातल्या नखीसारखा बाहेर डोकावतो. खरं तर तो दाणा नसतोच. दाण्याच्या जागी वाढलेली ती बुरशीची टणक गाठ असते. बुरशीचं नाव क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया, गाठीचं नाव अरगट. गरीब शेतकऱ्याला दाणे निवडून टाकणं परवडायचं नाही. तो सगळं एकत्र दळायचा आणि त्याचीच भाकरी खायचा.

मग हातापायांची आग आग व्हायची, बोटं काळी पडायची, आणि पुढे रक्ताचा थेंबही न सांडता बोट किंवा अख्खा पाय गळून पडायचा. जर्मनीतल्या झान्टेनच्या बखरीत ८५७ सालच्या नोंदीत अशा साथीचं वर्णन सापडतं. लोक या रोगाला संत अँथनीचा अग्नी म्हणत. अकराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये या संताच्या नावाने एक संघ उभा राहिला आणि त्याच्या मठांमधून अशा रोग्यांची शुश्रूषा होऊ लागली. अशाच एका मठासाठी ग्रूनेवाल्ट या चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेली वेदीचित्रं आज फ्रान्समधल्या कोल्मारच्या संग्रहालयात आहेत. त्यातल्या एका फलकाच्या खालच्या कोपऱ्यात, अंगभर फोड आलेला आणि पोट फुगलेला एक जीव मागे रेलून पडला आहे. मठात दाखल झालेल्या रोग्यांना या चित्रांपुढे आणत असत. भाकरीचा आणि या रोगाचा संबंध फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला तो १६७६ साली.

अर्धशिशीचा झटका थांबवणारं पहिलं नेमकं औषध, अर्गोटामीन, याच गाठीतून निघालं. आजही आपल्याकडच्या मेडिकलच्या दुकानांत ते मिळतं. त्याच्या आणि त्याच्या वारसांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, बारीक अक्षरांचा कागद बहुतेक घरांत खोक्यासकट केराच्या टोपलीत जातो. आठवड्याला इतक्याच गोळ्या, अमुक औषधाबरोबर नको, तमुक आजार असेल तर नकोच, असं बरंच काही त्यावर छापलेलं असतं. या सूचना म्हणजे कंपनीच्या वकिलांनी स्वतःच्या बचावासाठी केलेली तरतूद, असा एक समज आहे. तो अगदीच खोटा नाही. पण त्यातली एकेक ओळ कुणाच्या तरी बोटांनी, हृदयाने नाहीतर मूत्रपिंडाने फेडलेली किंमत आहे, आणि त्या ओळींचा इतिहास औषधाच्या इतिहासापेक्षा कमी रंजक नाही.

पहिली किंमत बाळंतिणींनी मोजली. सुइणींना अरगट फार पूर्वीपासून माहीत होता. कळा मंदावल्या की त्याचे मोजके दाणे देत. १८०८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन स्टर्न्स या डॉक्टरने एका पत्रातून ही पूड वैद्यकाच्या दरबारात आणली आणि अमेरिकन डॉक्टर तिच्यावर तुटून पडले. बाळंतपण लवकर उरकतं, डॉक्टर वेळेवर घरी जातो, आणखी काय हवं! पण पूड किती तेज आहे हे एका दाण्यावरून दुसऱ्याचं सांगता येत नसे. गर्भाशय आवळलं ते सैल होईना, मुलं मेलेली जन्माला येऊ लागली. १८२०च्या दशकात डेव्हिड हॉसॅक या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने ही प्रसूतीची नव्हे, मरणाची पूड आहे, अशा अर्थाचा इशारा दिला. यापुढे अरगट द्यायचा तो बाळ बाहेर आल्यानंतर, रक्तस्राव थांबवण्यासाठी, असा दंडक पडला. गर्भवतीने अर्गोटामीन घेऊ नये, ही आजच्या कागदावरची सूचना या घराण्यातली सर्वांत जुनी म्हणायला हवी.

दर दाण्याला बदलणाऱ्या मात्रेवर एकच उपाय होता. गाठीतला काम करणारा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढायचा. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सँडोझ या रंगांच्या कंपनीने १९१७ साली औषधांचा विभाग काढला आणि तो आर्थर स्टोल या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती सोपवला. पुढच्याच वर्षी स्टोलने अर्गोटामीन वेगळं काढलं. तेही आधी विकलं गेलं बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठीच. अरगटाचा अर्क डोकेदुखीवर देऊन पाहणारे डॉक्टर एकोणिसाव्या शतकातही होते, पण मात्रेचा भरवसा नव्हता. आता मिलिग्रॅममध्ये मोजता येणारं औषध हाती आलं. १९२५-२६च्या सुमारास सँडोझमधल्याच एर्न्स्ट रोटलिनने आणि झुरिकच्या मायरने ते अर्धशिशीवर वापरून पाहिलं. अंधाऱ्या खोलीत उलट्या करत पडलेली माणसं काही तासांत उठून बसली.

ती का उठून बसतात, याचा छडा लावला न्यूयॉर्कच्या हॅरल्ड वुल्फ आणि जॉन ग्रॅहम यांनी. झटका चालू असताना त्यांनी रुग्णाच्या कानशिलावरची धमनी गाठली, तिच्या प्रत्येक ठोक्याची उडी फिल्मवर टिपली आणि शिरेत अर्गोटामीन टोचलं. फिल्मवरची उडी हळूहळू बुटकी होत गेली आणि त्याच वेळी रुग्णही सांगत गेला, ठणका उतरतोय. १९३८ साली हे काम प्रसिद्ध झालं. धमन्या फुगतात म्हणून डोकं दुखतं, औषध त्या आवळतं म्हणून थांबतं, असा सोपा हिशेब बसला. पुढे तो अर्धवट ठरला. पण औषध धमन्या आवळतं, एवढा भाग पक्का होता. मध्ययुगात पाय गळवणारा गुण आणि हा गुण एकच. फरक मात्रेचा. म्हणून एका झटक्याला जास्तीत जास्त ६ मिलिग्रॅम आणि आठवड्याला १० मिलिग्रॅम, ही अर्गोटामीनच्या गोळ्यांची लक्ष्मणरेषा.

हे जॉन ग्रॅहम या कथेत पुन्हा पुन्हा भेटतात. बोस्टनला गेल्यावर त्यांनी आयुष्य डोकेदुखीच्या रुग्णांतच काढलं. १९४९ साली त्यांनी वुल्फसन या सहकाऱ्यासह एका रुग्णाची हकिगत छापली. तीव्र अर्धशिशीच्या या रुग्णाच्या शरीराला अर्गोटामीनची सवय जडली होती. दोनच वर्षांनी मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन यांनी असे अनेक रुग्ण एकत्र मांडले. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखतं म्हणून गोळी, आणि गोळी बंद केली की काही दिवस आधीपेक्षा भयंकर ठणका, मग सुटका. दुखणं औषधाने थांबत नव्हतं, औषधावर जगत होतं.

आज हा विकार डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणून नोंदला जातो. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतंय आणि तीन महिन्यांहून अधिक काळ औषधाचा मारा चालू आहे, अशी त्याची ओळख. मर्यादाही ठरली आहे. अर्गोटामीन, त्यानंतर आलेली ट्रिप्टान गटातली औषधं किंवा एकाहून अधिक औषधं एकत्र केलेल्या गोळ्या महिन्यात दहा दिवस, आणि साधं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन पंधरा दिवस. इथे मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. आपल्याकडे हा आकडा कळत-नकळत ओलांडला जातो, कारण अर्धशिशीसाठी खपणाऱ्या गोळीत अर्गोटामीन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवणारं औषध असं चौघांचं बिऱ्हाड एकत्र नांदत असतं. अशी गोळी शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई. प्रत्यक्षात रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवून ‘हीच द्या’ म्हटलं की काम होतं. स्ट्रिपवर ‘वेदनाशामक’ असं मोठ्याने लिहिलेलं नसल्यामुळे वरून आणखी एक पॅरासिटामॉलही घेतलं जातं. ज्या दिवशी गोळी घेतली त्या दिवसावर भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये एक खूण करायची आणि महिनाअखेरीला ते पान डॉक्टरांना दाखवायचं, एवढ्याने निम्मं निदान होऊन जातं.

अर्गोटामीनच्या कागदावरची सर्वांत ठळक चौकट मात्र प्रतिजैविकांमुळे आली. यकृतातलं आणि आतड्यातलं एक एन्झाइम अर्गोटामीन मोडून काढतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं किटोकोनॅझोल, एचआयव्हीवरचं रिटोनाविर ही औषधं त्या एन्झाइमचे हात बांधतात. परिणामी नेहमीच्या एकदोन गोळ्यांनीसुद्धा रक्तातली मात्रा विषासारखी चढते. हातपाय गार पडलेली, नाडी न लागणारी माणसं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्पितळात येऊ लागली, आणि हजार वर्षांपूर्वीचा रोग डॉक्टरांना पुस्तकातून शोधून काढावा लागला. घसा धरला म्हणून किंवा जठरातल्या जंतूंसाठी क्लॅरिथ्रोमायसिन आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जातं. लिहून देणाऱ्याला अर्धशिशीची गोळी ठाऊक नसते, कारण रुग्णाच्या मते ती ‘कधीतरी लागते’ आणि म्हणून सांगण्याजोगी नसते.

काळ्या गाठीची महाराष्ट्राशीही ओळख आहे, पण वेगळ्या भावंडातून. बाजरीवर पडणारा अरगट क्लॅव्हिसेप्स फ्युजिफॉर्मिस या बुरशीचा. १९५०च्या दशकात तेव्हाच्या दक्षिण सातारा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात त्याने बाजरीची धूळधाण केली. १९७५ साली राजस्थानातल्या खेड्यांत अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी आली. या बुरशीतली द्रव्यं वेगळी असल्याने बोटं गळाली नाहीत. शेतकऱ्याकडे उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, बियाणं ओतून ढवळायचं, आणि वर तरंगणाऱ्या काळ्या हलक्या गाठी काढून टाकायच्या. तळाचं बियाणं चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं.

सँडोझने अरगटाच्या रसायनातून आणखी बरीच अपत्यं काढली. एलएसडी त्यातलंच. मेथिसर्जाइड हे दुसरं. झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचं हे औषध १९५९पासून गाजू लागलं. ग्रॅहम यांनी ते पाचशे रुग्णांना देऊन १९६४ साली आपला अनुभव छापला, आणि त्यातच एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली. काही रुग्णांच्या पोटातल्या पडद्यामागे चिवट तंतू वाढून मूत्रवाहिन्या आवळल्या जात होत्या. औषध थांबवलं की ते बहुधा विरघळत. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी औषधाला महिनाभर सुट्टी, असा नियम झाला. ज्याने औषधाचं कौतुक करायचं त्यानेच त्याचे दोष उजेडात आणायचे, हा ग्रॅहम यांचा शिरस्ता दुर्मीळच.

दुसरी शाखा सेरोटोनिनपासून फुटते. १९४८ साली क्लीव्हलंडमध्ये हे द्रव्य रक्तातून वेगळं काढलं गेलं. १९६० साली ते शिरेतून दिल्यावर झटका थांबतो असं दिसलं, पण धाप, घेरी असे त्रास इतके की औषध म्हणून उपयोग शून्य. पुढे सिडनीत जेम्स लान्स यांच्या गटाने झटक्याच्या वेळी रक्तातलं सेरोटोनिन एकदम घटतं हे दाखवलं. इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो समूहाच्या वेअर इथल्या प्रयोगशाळेत पॅट्रिक हम्फ्री १९७२पासून एकच प्रश्न धरून बसले होते: बाकीच्या अंगाला न छेडता फक्त डोक्यातल्या धमन्या आवळेल असं सेरोटोनिनचं भावंड बनवता येईल का? उत्तर सापडलं कुत्र्याच्या पायातल्या शिरेत. तिचा तुकडा क्षाराच्या द्रवात टांगायचा, एकेक रसायन घालायचं, तुकडा किती आकसतो ते पाहायचं. त्या शिरेवर सेरोटोनिनला प्रतिसाद देणारा एक वेगळाच ग्राही (रिसेप्टर) आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. या वाटेवर पहिलं जे रसायन हाती लागलं ते गुणकारी होतं, पण तोंडाने घेता येईना. दुसरं सुमाट्रिप्टान, ट्रिप्टान गटातलं पहिलं. १९९१ साली ते प्रथम नेदरलँड्समध्ये बाजारात आलं.

फक्त डोक्यातल्या धमन्या, हा दावा जवळजवळ खरा होता. ‘जवळजवळ’मध्ये हृदय सापडलं. हृदयाच्या धमन्यांवरही हे ग्राही थोडे असतात, आणि १९९३ सालीच सुमाट्रिप्टाननंतर आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याची नोंद झाली. म्हणून हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान नाही. अर्गोटामीनचा आवळ दिवसभर टिकतो, म्हणून त्यावर चोवीस तास ट्रिप्टान नाही. पहिल्या गोळीने आराम पडून दुखणं परतलं तर दुसरी किमान दोन तासांनी. पहिलीने काहीच झालं नसेल तर त्याच झटक्याला दुसरी घेऊन उपयोग नाही. झटका टाळण्यासाठी रोज प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याला रिझाट्रिप्टानची अर्धीच मात्रा, कारण प्रोप्रॅनोलॉलमुळे ते रक्तात जास्त चढतं. आणि गोळी घ्यायची ती दुखायला लागताच. डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेघा नाचतात त्या वेळी नव्हे, आणि डोकं पूर्ण चढेपर्यंत वाट पाहूनही नव्हे. झटक्यात जठर मंदावतं, हे १९७०च्या दशकात लंडनमध्ये अॅस्पिरिन देऊन मोजलं गेलं होतं. उशिरा घेतलेली गोळी पोटातच बसून राहते, आणि घेणारा म्हणतो औषध लागू पडत नाही.

१९९० साली पीटर गॉड्सबी आणि लार्स एडव्हिन्सन यांनी झटक्याच्या वेळी मानेच्या शिरेतल्या रक्तात सीजीआरपी नावाचं द्रव्य वाढलेलं दाखवलं आणि धमन्यांचा जुना सोपा हिशेब मागे पडला. मूळ दुखणं मज्जातंतूंचं. मग धमन्या न आवळताच झटका थांबवता आला पाहिजे. त्याला तीस वर्षं लागली, वाटेत एका औषधाचा प्रवास यकृताला इजा दिसल्यामुळे सोडून द्यावा लागला, आणि सीजीआरपीचं काम रोखणाऱ्या औषधांपैकी २०१९च्या डिसेंबरात युब्रोजेपँट, २०२०च्या फेब्रुवारीत रिमेजेपँट अमेरिकेत मंजूर झाली. काळ्या दाण्याशी यांचं रक्ताचं नातं उरलेलं नाही, आणि अतिवापराची डोकेदुखी यांच्यामुळे होत असल्याचंही आजवर दिसलेलं नाही. मात्र यांना मोडून काढणारं एन्झाइम तेच आहे, त्यामुळे क्लॅरिथ्रोमायसिनबद्दलची सूचना यांच्याही कागदावर छापावी लागली.