आयत्या चलांची गोष्ट

रास्मुस लेर्डोर्फने १९९५ साली स्वतःच्या संकेतस्थळासाठी लिहिलेली साधनं जगाला फुकट दिली. त्यांचीच पुढे पीएचपी झाली. सुरुवातीच्या एका आवृत्तीच्या नावात 'एफआय', म्हणजे फॉर्म इंटरप्रिटर, अशी शेपटी होती आणि ती सार्थ होती. फॉर्ममधला मजकूर सर्व्हरकडे येतो तो टक्क्याच्या नि अधिकच्या चिन्हांनी भरलेल्या एका लांबलचक ओळीत. ती सोडवत बसणं म्हणजे निव्वळ हमाली. पीएचपीत ती संपली. फॉर्मवर 'नाव' असा रकाना असला, की प्रोग्राममध्ये त्याच नावाचं चल आयतं हजर!

मेख इथेच होती. रकान्यांची नावं फॉर्म बनवणारा ठरवतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाठवणारा वाटेल ते नाव पाठवू शकतो. समजा, पासवर्ड जुळला तर प्रोग्राम 'अधिकृत' या चलात १ भरतो, पण आधी तिथे शून्य मांडायचं राहून गेलंय. मग पत्त्याच्या शेवटी 'अधिकृत=१' जोडलं, की पासवर्ड हवा कुणाला?

एप्रिल २००२मध्ये ४.२.० आवृत्तीत ही सोय, 'रजिस्टर ग्लोबल्स', मुळातच बंद ठेवली गेली. तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम अर्थातच अडले. ती पुन्हा चालू करायला सेटिंगमधला एक शब्द पुरे होता, आणि चालत्या दुकानाला कुलूप लावायला कोण धजावणार? ती कायमची गेली मार्च २०१२मध्ये, ५.४ आवृत्तीत. तेव्हाही जुन्या प्रोग्रामच्या माथ्यावर 'एक्स्ट्रॅक्ट'ची एक ओळ चिकटवली, की तीच चलं पुन्हा आयती मिळत.