ध्वज, पुतळा आणि कायदा

कोल्हापुरातील शिवाजी चौकातून आपण नित्य जातो-येतो. परंतु त्या जागेचा पूर्वेतिहास सर्वांच्या स्मरणात असतोच असे नाही. आज जेथे शिवछत्रपतींचा पुतळा आहे, तेथे एके काळी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट व जयाबाई हविरे ह्या दोघींनी त्यावर डांबर फासले. पुढील वर्षी क्रांतिकारकांनी तो फोडला, आणि १९४५ साली तेथे शिवरायांचा पुतळा उभा राहिला. तत्कालीन कायद्याने तो गुन्हा होता. आज त्या दोघींचे नाव आपण आदराने घेतो. राष्ट्रध्वज जाळणे हा गुन्हा असावा काय, ह्या प्रश्नाचा विचार करताना ही घटना दृष्टीआड करून चालणार नाही.

कोणी म्हणेल, विल्सनचा पुतळा परसत्तेचा होता, ध्वज मात्र आपला. भेद खरा आहे. पण हा ध्वज आपला झाला कसा? १९२३ साली नागपुरात राष्ट्रीय निशाण घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जाण्यास सरकारने मनाई केली, तेव्हा दीड हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. ज्या निशाणाला कायद्याचे संरक्षण नव्हते, उलट कायद्याचा विरोधच होता, त्याला प्रतिष्ठा मिळाली ती ह्या माणसांच्या त्यागाने. त्याच निशाणाच्या परंपरेतील तिरंगा घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला.

१९७१ च्या कायद्यान्वये सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सनदशीर मार्गाने बदल घडविण्याच्या हेतूने ध्वजावर केलेली टीका मात्र त्याच कायद्याने गुन्ह्यातून वगळली आहे. ह्या कायद्याचे समर्थक म्हणतात की, निषेधाचे शेकडो मार्ग मोकळे असता एकच बंद केला, तर स्वातंत्र्याची हानी कोणती? शिवाय ज्या ध्वजात गुंडाळून हुतात्मा जवानाला घरी आणतात, तो जळताना पाहून त्याच्या मातेला काय वाटेल? हा आक्षेप हलका नव्हे.

तथापि २००२ ची ध्वजसंहिता पाहा. जीर्ण झालेल्या ध्वजाचा विलय खाजगी रीतीने, शक्यतो अग्नीनेच करावा, असे ती सांगते. म्हणजे अग्नी तोच, ध्वजही तोच. एक कृती कर्तव्य ठरते, दुसरी अपराध. शिक्षा होते ती चारचौघांत प्रकट केलेल्या अनादराला, जाळण्याला नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, राजकीय निषेध म्हणून ध्वज जाळणे हा अभिव्यक्तीचाच प्रकार होय. त्या चार विरोधी मतांवरूनही प्रश्नाची अवघडता ध्यानात येते.

माझे मत असे : दुसऱ्याच्या वा सरकारच्या मालकीचा ध्वज जाळणाऱ्यास, किंवा दंगा माजविणाऱ्यास, अवश्य शासन व्हावे. परंतु स्वतःच्या पैशाने घेतलेला ध्वज संतापाने जाळणाऱ्याला आपण निषेधाने व युक्तिवादाने उत्तर द्यावे, तुरुंगाने नव्हे. विल्सनच्या पुतळ्यामागे साऱ्या साम्राज्याचा कायदा उभा होता. लोकांच्या मनात मात्र त्याला थारा नव्हता. तिरंग्याला तो थारा आहे. त्याच्या रक्षणाची खरी भिस्त तेथेच असावी.