शरीरातील लोहाचा जमाखर्च

रक्त कमी झाले की लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, हे आता घरोघर ठाऊक आहे. पण पोटात गेलेल्या लोहापैकी अंगी किती लागावे, हे कोण ठरवते? असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय?

प्रौढ माणसाच्या अंगात लोह ते किती, तर अवघे ३-४ ग्रॅम. रोज बाहेर जाते सुमारे १ मिलिग्रॅम. जादा लोह शरीर आतड्यावाटे टाकून देते, अशी पूर्वीची समजूत होती. १९३७ साली लंडनमध्ये मॅकान्स आणि त्यांच्या सहकारी एल्सी विडोसन यांनी ती मोडली. रक्त फाजील वाढण्याच्या रोगात औषधाने तांबड्या पेशी मुद्दाम फोडत असत. पेशी फुटल्या, लोह सुटले पुष्कळ. पण मलमूत्र तपासावे तर त्यात ते जवळजवळ नाहीच! म्हणजे या घराला पुढचे दार आहे, मागचे नाही. हिशेब राखायचा तो लोह आत घेतानाच.

१९३९ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला व्हिपल आणि त्यांचे सहकारी हान यांनी कुत्र्यांना किरणोत्सर्गी लोह चारले. धडधाकट कुत्र्यांनी ते बहुतेक तसेच जाऊ दिले. रक्तक्षय झालेल्यांनी भरपूर शोषून घेतले. पुढे १९४३ साली आणखी एक गंमत दिसली. कुत्र्याचे रक्त एकदम काढले, तरी दुसऱ्या दिवशी शोषण वाढत नाही; आठवड्याने वाढते! नुसते रक्त कमी होऊन भागत नाही, कोठारही रिते व्हावे लागते.

दारावरचा पहारेकरी मात्र २००१ च्या सुमारास सापडला, आणि तोही भलतेच जनुक शोधताना! फ्रान्समधील काही उंदरांच्या अंगात लोह साचू लागले, कारण त्यांचे यकृत हेप्सिडिन हा पदार्थ करीत नव्हते. हेप्सिडिन वाढले की आतड्यातून रक्तात जाणारी लोहाची वाट बंद होते. लोह कमी पडले की हेप्सिडिन घटते आणि वाट मोकळी होते.

पण हा पहारेकरी फसतोही, बरे का. जुनाट दाह असला तर हेप्सिडिन वाढते आणि गोळ्या फारशा अंगी लागत नाहीत. थॅलेसेमियात याच्या उलट. अस्थिमज्जा सारखी लोह मागत राहते, हेप्सिडिन दबते, आणि कोठार ओसंडत असतानाही दार उघडेच! ते लोह यकृतात नि हृदयात साचते. दोघेही रोगी दिसायला सारखेच फिके. म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिनच्या जोडीला फेरिटिनही तपासतात. कोठारात शिल्लक किती, ते त्यावरून कळते.