द्वारपाल आणि बहुरूपी

आमच्या जुन्या कागदपत्रांत 'मोर्तब' हा शब्द वारंवार भेटतो. पत्र कितीही वळणदार अक्षरात लिहिलेले असो, शेवटी मोर्तब नसले की त्याला किंमत नाही. पण जेथे शिक्का आला तेथे खोटा शिक्काही आलाच! मुलांच्या खेळण्यातही हेच घडले, ती हकिकत वाचकांना सांगावीशी वाटते. इतिहासाच्या मास्तराने सदैव लढाया आणि तहनामेच उगाळले पाहिजेत असे थोडेच आहे?

१९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'गेम बॉय' हे हातात धरून खेळायचे यंत्र काढले. एकेक खेळ एकेका चपट्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये असे. डबी घरची की परकी, हे ओळखण्यासाठी यंत्रात २५६ बाइटांचा, चार ओळींच्या चिठ्ठीएवढा, एक द्वारपाल बसवला होता. तो डबीतले कंपनीचे नाव वाचून पडद्यावर वरून खाली सरकवी, मग आपल्याजवळच्या नमुन्याशी ताडून पाही. जुळले नाही तर खेळ तेथेच अडे. शिवाय परक्याने ते नाव घातलेच, तर नाममुद्रा चोरली म्हणून त्याला कोर्टात खेचण्याची सोय होती.

पण द्वारपाल नाव दोनदा वाची, आणि तेथेच फसे. ब्रिटनमधील अर्गोनॉट या संस्थेच्या जेझ सॅन आणि त्याच्या सोबत्यांनी ही फट हेरली. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. खर्च सुमारे एक सेंट! पहिल्या वाचनाला डबी 'अर्गोनॉट' म्हणे, दुसऱ्याला 'निन्टेन्डो'. पडद्यावर परक्याचे नाव झळके आणि खेळ बिनबोभाट सुरू होई. निन्टेन्डोने पुढे या हुशार मंडळींनाच हाताशी धरले. १९९३ चा गाजलेला 'स्टार फॉक्स' याच सहकार्याचे फळ.

२००४ च्या 'निन्टेन्डो डीएस'मध्ये यंत्र आणि डबी सांकेतिक भाषेत बोलू लागली. तेव्हा २००५ साली 'पासमी' आला. तो अस्सल डबी आणि यंत्र यांच्यामध्ये बसे. द्वारपालाशी बोलणे अस्सल डबीच करी. पासमी फक्त पुढे कोठे जायचे तो पत्ता बदली, आणि यंत्र दुसऱ्या खाचेतल्या परक्या डबीकडे वळे. मागाहून 'आर४'सारख्या डब्या ती सांकेतिक भाषाच बोलू लागल्या. अस्सल डबी म्हणजे शिलालेख. ही फ्लॅशची डबी म्हणजे पाटी, हवे तेव्हा पुसा, हवे ते लिहा. २००८ च्या 'डीएसआय'ने मान्य खेळांची यादीच जवळ बाळगली, तर नव्या बहुरूप्यांनी त्या यादीतल्याच एखाद्या खेळाचे सोंग घेतले. अखेर फेब्रुवारी २००९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने आर४ च्या आयातीला व विक्रीला मनाई केली.

या पाटीवर कोणी स्वतः रचलेले खेळ लिहिले, पुष्कळांनी दुसऱ्यांचे फुकट उतरवले. मी कादंबऱ्या लिहितो. पदपथावर पुस्तकांच्या चोरट्या प्रती मांडलेल्या पाहिल्या की लेखकाच्या पोटात कसा गोळा उठतो, ते मी जाणतो. म्हणून त्या न्यायालयाच्या निकालाविषयी माझी तक्रार नाही. पण फट शोधणारा प्रत्येक पोरगा चोर ठरला असता, तर 'स्टार फॉक्स' कोठून आला असता? द्वारपालाला शिक्का कळतो, शिक्क्यामागचे मन कळत नाही. ते ओळखण्याचे काम शेवटी माणसांनाच करावे लागते. आणि आम्हा मास्तरांना तर ते रोज, वर्गात शिरताक्षणीच करावे लागते.