किमया

अरबी ‘अल्-कीमिया’पासून फारसीच्या वाटेने मराठीत स्थिरावलेला आणि मुळाशी बहुधा ग्रीक असलेला ‘किमया’ हा शब्द हीन धातूचे सुवर्ण करण्याच्या विद्येचा वाचक होय. १५८३ मध्ये राजधानी प्रागला हलविणाऱ्या सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने या विद्येच्या उपासकांना पदरी बाळगले; परिणामी किल्ल्याच्या पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या ठेंगण्या घरांची ‘सुवर्णगल्ली’देखील लोकांनी दंतकथेत किमयागारांच्या नावे लिहून दिली.

आपल्या रसशास्त्रात ‘रस’ म्हणजे पारा. तथापि आयुर्वेदात जरानाशक औषधास लाभलेले ‘रसायन’ हे अभिधान आता एका आधुनिक शास्त्राचे झाले असून, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून स्थापन झालेल्या, आज माटुंग्यात असलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत कापडाचे रंग, तेले आणि औषधे यांचे अध्ययन चालते. सुवर्णाचा दावा खारीज झाला, पदार्थपालटाची जिज्ञासा मात्र बहाल राहिली.