करवतीचा व्यास कोणी ठरवला?

मिशिगन राज्यातले ग्रँड रॅपिड्स हे एकेकाळी अमेरिकेचे फर्निचरचे गाव. तिथे 1890 साली सुरू झालेल्या ऑलिव्हर कंपनीच्या किंवा त्याच गावातल्या टॅनेविट्झच्या जुन्या टेबल सॉ पाहिल्या, तर 14 किंवा 16 इंची पाती लावलेली दिसतात. आज छोट्या वर्कशॉपात 10 इंची पाते सर्रास चालते. मग फर्निचरच्या एक-दीड इंची फळ्यांसाठी एवढा व्यास कशाला? ‘तेव्हा लाकूड जाड असायचे’ हे उत्तर चटकन सुचते, पण ते अर्धेच आहे. पात्याचे माप लाकडाइतकेच, पात्यापर्यंत शक्ती कशी पोहोचते यावरूनही ठरत गेले.

एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यात छताखाली एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून चामड्याचा पट्टा एकेका यंत्राकडे उतरे. यंत्राचा वेग पुलीच्या मापाने हवा तसा वाढवता, घटवता येई. म्हणजे पाते आधी, वेग मागून. विसाव्या शतकात अनेक मोठ्या सॉंमध्ये पाते थेट विजेच्या मोटरच्या शाफ्टवर बसले. पट्टा गेला, त्याचे घसरणे गेले, आणि वेग निवडायची मुभाही गेली. अमेरिकेतल्या 60 सायकलच्या विजेवर दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला फार तर 3600 फेऱ्या घेते. त्या वेगाला 10 इंची पात्याचा दात मिनिटाला सुमारे 9,400 फूट धावतो, 16 इंचीचा 15,000 फूट. फेऱ्या वाढत नसतील तर दात पळवायला व्यासच वाढवावा लागतो. आपल्याकडच्या 50 सायकलच्या विजेवर तशीच मोटर 3000 फेऱ्यांवर अडते आणि 16 इंची पात्याचा वेगही 12,600 फुटांवर येतो.

दुसरे कारण साध्या भूमितीचे. शाफ्ट मोटरच्या मधोमध असतो, म्हणून मोटरचे अंग टेबलाला खालून भिडले की पाते आणखी वर चढत नाही. मुद्दाम सडपातळ, लांबट मोटरी बनवूनही शाफ्ट टेबलाखाली काही इंच राहायचाच. हे अंतर 3 इंच धरले, तर 10 इंची पाते 2 इंच वर येते आणि 16 इंची 5 इंच. मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने 1930च्या दशकाच्या अखेरीस ‘युनिसॉ’ आणली. तिच्यात मोटर खाली ठेवून शाफ्ट व्ही-पट्ट्यांनी फिरवला होता. मोटर वाटेतून हटताच शाफ्ट टेबलाजवळ सरकला आणि 10 इंची पाते 3 इंच जाड लाकूड कापू लागले. लाकूड तेच होते, मोटरची जागा तेवढी बदलली.

मोठ्या सॉला मोठा डॅडो का लागतो, हे कोडेही याच हिशेबाने सुटते. डॅडो म्हटले की आपल्याला स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या टाइल्स आठवतात. सुतारकामात मात्र ती लाकडाच्या रेषांना आडवी पाडलेली, फळी बसवायची खाच. तिच्यासाठी बाहेरच्या अंगाला दोन पाती आणि मधे, त्यांच्यामधले लाकूड काढणारे चिपर, असा संच शाफ्टवर चढवतात. बाहेरची पाती एकेक सुताची. मधे एकेक सुताचे चार चिपर घातले की सहा सूत, म्हणजे पाऊण इंचाची खाच एका दमात पडते. ती दोन-तीन सूत खोल असली तरी भागते, म्हणून युनिसॉवर 8 इंची संच पुरून उरतो. पण 3 इंच खाली असलेल्या शाफ्टवर तोच संच फक्त इंचभर वर येतो आणि 6 इंची तर टेबलाच्या पातळीलाच थांबतो. मोठ्या सॉला 10 किंवा 12 इंची डॅडो का लागतो, ते इथे कळते.

यावर कोणी म्हणेल, ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्यांना जाड ठोकळे खरोखरच कापावे लागत. ते मान्य, 5 इंचांची खोली त्यांच्या कामी येईच. पण नुसत्या जाडीचाच प्रश्न असता, तर त्यासाठी बँड सॉ होतीच. दुसरा आक्षेप असा, की मोठ्या सॉवर आज लहान पातेही नीट चालते. चालतेच: 12 इंची पात्याचा दात 3600 फेऱ्यांवर 11,300 फूट धावतो, फक्त 16 इंचीपेक्षा 2 इंच कमी खोल कापतो. अडचण येते ती भोकाची. 10 इंची पात्याचे भोक सहसा पाच सुताचे, तर मोठ्या सॉचा शाफ्ट बहुधा इंचभर किंवा त्याहून जाड. मापाबाहेरचे मोठे पाते बसवणे मात्र निव्वळ धोका, कारण पात्याची चकती ठरावीक वेगापुरतीच ताणून सरळ केलेली असते.

जुन्या सॉसाठी पाते घ्यायला निघण्याआधी टेबलाखाली वाकून शाफ्टची जाडी आणि टेबलापासूनचे अंतर मोजावे, मोटरच्या पाटीवरच्या फेऱ्या वाचाव्यात आणि त्या पात्यावर छापलेल्या मर्यादेत बसतात का ते पाहावे. एवढे झाल्यावर दुकानात निवडायला फारसे काही उरत नाही. बरेचसे त्या मोटरनेच ठरवून ठेवलेले असते.